मुलांना घेऊन फळबागेत: फळं स्वतः तोडण्याचा दिवस कसा आखावा

फळ ओढून तोडायचं नसतं. तयार फळाला हात लावून जरा उचललं किंवा वळवलं की बहुतेक वेळा ते आपणहून हातात येतं. जे येत नाही, त्याला अजून वेळ आहे. बागेत पाऊल टाकण्याआधी एवढी एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं. मग मूल प्रत्येक फळापाशी थांबतं, ते फिरवून बघतं, वास घेतं, नको वाटलं तर सोडून पुढं जातं. टोपली हळू भरते, पण त्यात कच्चं काही नसतं आणि झाडाची फांदीही मोडत नाही. माझ्या मते लहान मुलांसाठी बागेतला दिवस यासाठीच असावा. किती किलो घरी आलं हा हिशेब मोठ्यांनी त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा.

फळ मुलाच्या उंचीचं असावं

बाग निवडताना आपण आधी अंतर बघतो. त्याआधी फळ बघा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी स्ट्रॉबेरी सगळ्यात सोपी: फळं जमिनीलगत, रंग ठळक, आणि मुलाला कुणी उचलून घ्यावं लागत नाही. ब्लूबेरीची झुडपंही मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर फळं देतात आणि त्यांना काटे नसतात. रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या पुष्कळ जाती काटेरी असतात, त्यामुळे त्या पाच-सहा वर्षांपुढच्या, लांब बाह्या घालून शांतपणे काम करणाऱ्या मुलांसाठी. सफरचंदाच्या जुन्या बागांत झाडं उंच असतात. नव्या बागांत बुटक्या खुंटावर कलम केलेली झाडं तारांच्या आधारानं ओळीनं लावलेली असतात आणि खालची फळं लहान मुलाच्याही हाताला लागतात. फोन करताना "झाडं बुटकी आहेत का?" हे जरूर विचारा. संत्री आणि द्राक्षं कात्रीनं, म्हणजे शेतकरी ज्याला सिकेटर म्हणतात त्यानं कापावी लागतात, तेव्हा तिथं मोठ्यानं कापायचं आणि मुलानं खाली हात धरायचे. आंब्याची काढणी लांब काठीच्या झेल्यानं होते आणि देठातून निघणारा चीक कातडीला भाजल्यासारखा लागतो. लहान मुलांना तिथं फक्त बघायला न्यावं.

एका दिवशी एकच फळ, फार तर दोन. चार प्रकारची फळं एका फेरीत उरकायला गेलं की मुलांना एकाचंही तंत्र हाताला बसत नाही.

आदल्या दिवशीचा फोन

बागेचा हंगाम सुरू आहे याचा अर्थ उद्या झाडावर तयार फळ आहे असा होत नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी येऊन गेली की पुढचा तोडा तयार व्हायला काही दिवस जातात. म्हणून आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी फोन करून विचारा: सध्या कुठलं फळ सुरू आहे, कुठल्या भागात, आणि मुलांसाठी पुरेसं आहे का. पैसे वजनावर आहेत की प्रवेशावर, टोपली तिथं मिळते की आपली न्यायची, बागेत चाखायला परवानगी आहे का, हात धुवायला साबण-पाणी आणि स्वच्छतागृह कुठं आहे, बाळाची ढकलगाडी ओळींमधून जाते का, हेही त्याच फोनमध्ये होऊन जाऊ द्या. पाळीव कुत्रा नेणार असाल तर त्याचंही विचारा. पुष्कळ बागांत परवानगी नसते.

एक प्रश्न लोक संकोचानं टाळतात: शेवटची फवारणी कधी झाली? हा प्रश्न सरळ विचारावा. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. नीट बाग करणारा माणूस तो काळ पाळतो आणि विचारलं तर मोकळेपणानं सांगतो. उत्तर टाळलं गेलं तर मी तरी दुसरी बाग बघेन.

रात्री पाऊस झाला असेल तर बेत पुढं ढकललेला बरा. ओली स्ट्रॉबेरी तोडली की तिला लवकर बुरशी धरते, आणि पिकत आलेल्या चेरी जोरदार पावसानंतर तडकतात. शिवाय ओळींमधला चिखल लहान पायांना दमवतो.

बरोबर काय घ्यायचं

पायात बंद बूट. बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, गवतात खड्डे असतात, सडलेली फळं असतात आणि त्यावर माश्या असतात, त्यामुळे चपला नकोत. कपडे जुने आणि गडद, कारण बेरीचे डाग सहज निघत नाहीत. डोक्यावर कडा असलेली टोपी, पातळ सुती लांब बाह्या. उन्हाचं मलम निघण्यापूर्वी साधारण पंधरा ते तीस मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मलमापेक्षा सावलीतच ठेवावं.

पाणी घ्याच, पण घरचा साधा, पोटभरीचा खाऊही घ्या. उपाशी मूल फळांवरच तुटून पडतं आणि दुपारी त्याचं पोट बिघडतं. कपड्यांचा एक पूर्ण जोड, ओले पुसणे, एक जुना टॉवेल, चिकटपट्ट्या एवढं पुरे.

भांड्याकडे मात्र नीट लक्ष द्या. खोल बादलीत वरच्या फळांच्या वजनानं खालची चेपतात. स्ट्रॉबेरीसाठी उथळ आणि पसरट टोपली हवी, त्यात १०-१२ सेंटीमीटरपेक्षा जास्त थर नको. मुलाच्या हातात त्याची स्वतःची लहान टोपली किंवा कडी असलेला छोटा डबा द्या. तो लवकर भरतो, मुलाला काम पुरं झाल्याचं समाधान मिळतं, आणि आपण तो मोठ्या पाटीत हळूच ओतून रिकामा परत देऊ शकतो. मुलाच्या टोपलीत एका वेळी एक किलोपेक्षा जास्त वजन जाऊ देऊ नये.

वेळ सकाळची

दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी, म्हणजे सकाळचा पहिला भाग. थंड वेळी तोडलेलं फळ जास्त टिकतं, कारण त्याच्या पोटात दुपारची ऊब साठलेली नसते. मुलंही तेव्हाच ताजी असतात. लहान मुलांचं लक्ष अर्धा-पाऊण तास टिकतं, मोठ्यांचं दीड तास. तेवढंच तोडणं धरा आणि उरलेला वेळ झाडाखाली बसायला ठेवा.

प्रत्येक फळाचं आपलं बोलणं

बागेत गेल्यावर लगेच तोडायला सुरुवात करू नका. पहिल्या झाडापाशी सगळ्यांना खाली बसवा. एक पिकलेलं आणि एक कच्चं फळ झाडावरच शेजारी शेजारी दाखवा. रंग, वास, हाताला लागणारा मऊपणा, देठाची स्थिती, हे मुलांनाच सांगू द्या. मग एक फळ स्वतः सावकाश तोडून दाखवा आणि पुढचं त्यांच्याकडून तोडून घ्या. ही पाच-दहा मिनिटं घालवली की पुढचा तासभर ओरडावं लागत नाही.

काही फळं तोडल्यावर पिकतात आणि काही पिकत नाहीत, हे आधी मोठ्यांनी समजून घ्यावं. सफरचंद, पेर (नासपती), पीच, आंबा ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याच वायूनं आणखी पिकत जातात. फळं हा वायू स्वतःच तयार करतात हे आर. गेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३४ साली दाखवून दिलं. ही फळं पुरती वाढलेली पण जरा टणक तोडली तरी घरी तयार होतात. स्ट्रॉबेरी, चेरी, द्राक्षं, संत्री यांची गोडी मात्र झाडावर असेल तेवढीच. तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग थोडा गडद होईल, साखर वाढणार नाही. या फळांत घाई केली की ती वाया गेली.

*स्ट्रॉबेरी* देठापर्यंत, अगदी पानांच्या टोपीखालीसुद्धा लाल झालेली हवी. खांदे पांढरे असतील तर राहू द्या. फळाला चिमटीत धरायचं नाही. फळाच्या थोडं वर देठ अंगठ्याच्या नखानं आणि पहिल्या बोटानं खुडायचा आणि फळ तळहातावर घ्यायचं. हिरवी टोपी फळालाच राहिली पाहिजे, ती निघाली की फळ लवकर खराब होतं. पानं बाजूला करून आत बघायला शिकवा, चांगली फळं बरेचदा पानांखालीच दडलेली असतात. आणि चालायचं ते दोन गादीवाफ्यांमधल्या सरीतूनच, वाफ्यावर पाय ठेवायचा नाही.

इथंच एक वाकडीतिकडी, एका बाजूनं आखडलेली स्ट्रॉबेरी शोधायला सांगा. कुठल्याही शेतात ती सापडते. तिचा आखडलेला भाग डोळ्यांजवळ धरा: तिथं बारीक, फिकट, न भरलेल्या बिया दाटीनं चिकटलेल्या दिसतात, आणि जिथं गर फुगलाय तिथं बिया टपोऱ्या आणि एकमेकींपासून दूर. त्यातली प्रत्येक बी खरं तर एक स्वतंत्र छोटं फळ आहे. परागकण पोचून जी बी भरली, तिनं आपल्या भोवतीचा गर वाढवला. जिच्यापर्यंत परागकण पोचले नाहीत, तिच्याखाली गर वाढलाच नाही. जे. पी. नित्श या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५० साली कोवळ्या फळावरच्या बिया काढून हेच सिद्ध केलं होतं. मधमाशी फळासाठी काय करते हे सात वर्षांच्या मुलाला ती एक वाकडी स्ट्रॉबेरी नीट समजावते, आणि एकदा ते समजलं की माशी दिसली म्हणून किंचाळणंही कमी होतं.

*सफरचंद* तळहातात धरा, बोटं रुतवू नका. फळ वर उचला आणि थोडं वळवा, तयार असेल तर देठासकट सुटतं. खाली ओढायचं नाही. सफरचंद ज्या आखूड, गाठाळ काडीवर लागतं, तिच्यावरच पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे या हंगामात तयार होत असतात. हिसका दिला की ती काडी मोडते आणि पुढच्या वर्षीचं फळ आजच जातं. मुलांना ही गोष्ट पटते, त्यांना ती काडी आणि तिच्यावरचा फुगीर डोळा प्रत्यक्ष दाखवा. झाडाच्या बाहेरच्या, उन्हाकडच्या फांद्यांवरची फळं आधी तयार होतात, तेव्हा तिथून सुरुवात करा. शंका आली तर एक फळ कापून बघा: बिया तपकिरी झाल्या असतील तर बहुतेक जातींत फळ तयार असतं. कापायचंच तर आडवं कापा, पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. चांदणीचे काही कप्पे रिकामे असतील तर फळ त्या बाजूला बसकं आहे का तेही मुलांना तपासू द्या.

*पेर* हे वेगळंच प्रकरण आहे. ते झाडावर पूर्ण पिकू दिलं तर आतून पिठूळ होतं. टणक असतानाच, लोंबणारं फळ आडवं होईपर्यंत उचलायचं. देठ फांदीपासून सुटला तर घ्यायचं, नाही तर सोडायचं. ते घरी काही दिवसांनी मऊ होईल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाही तर पहिल्याच घासाला ती नाराज होतात.

*पीच* लाल दिसतं म्हणून तोडू नका. लाली उन्हामुळे येते. लालीच्या मागचा मूळ रंग हिरव्याचा पिवळा झाला का ते बघायचं. दाबून बघायची सवय मोडायला हवी, बोटाचा प्रत्येक ठसा संध्याकाळी तपकिरी डाग होऊन दिसतो.

*चेरी* देठ धरून तोडायची, फळ धरून नाही. देठ जिथं फांदीला लागतो तिथं धरून वर वळवायचा. *ब्लूबेरी*च्या घोसाखाली ओंजळ धरून अंगठा हलकेच फिरवला की पिकलेल्या आपोआप पडतात. देठाजवळ लालसर दिसणाऱ्या आंबट असतात. *रास्पबेरी* पिकली की आपला पांढरा गाभा झाडावरच ठेवून पोकळ हातात येते, ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच येतो. *संत्र्या*चा रंग फसवा असतो, हिरवट सालीचं फळही आतून गोड असू शकतं, तेव्हा एक चाखूनच ठरवा. ते ओढून काढलं तर देठापाशी साल फाटते आणि तिथून सडायला लागतं. *द्राक्षां*त घडाचं टोक सगळ्यात शेवटी गोड होतं, म्हणून मणी टोकाचा चाखायचा.

कुणाला कुठलं काम

दोन-तीन वर्षांचं मूल तोडण्यापेक्षा टाकण्यात रमतं. तुम्ही तोडा, त्याला टोपलीत "हळू ठेव" म्हणा. चार ते सहा वयात "लाल शोध", "देठासकट आण" अशी एक एक सूचना पुरते. दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी हरवते. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना जबाबदारी द्या: टोपलीचं वजन किती भरेल याचा अंदाज काट्यावर ठेवण्याआधी सांगायचा, धाकट्यांनी आणलेली फळं तपासायची, पैशांचा हिशेब करायचा. कोण जास्त तोडतो ही शर्यत लावू नका. शर्यत लागली की हात ओढायला लागतात आणि टोपलीत कच्ची फळं येतात. चुरस हवीच असेल तर सगळ्यात नीट देठ कुणाचा, अशी ठेवा.

खाणं आणि हात

परवानगी असली तरी बागेत चाखणं दोन-चार फळांपुरतं, आणि तेही पाण्यानं धुऊन. जमिनीवर पडलेलं फळ न शिजवता खायचं नाही, ते कितीही छान दिसो. त्यावर जनावरांची किंवा पक्ष्यांची विष्ठा लागलेली असू शकते. बागेत गाई, शेळ्या, ससे असतील आणि मुलं त्यांना हात लावणार असतील तर तो कार्यक्रम फळं तोडून झाल्यावर ठेवा आणि लगेच साबणानं किमान वीस सेकंद हात धुवायला लावा. मातीनं माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण-पाणीच लागतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष किंवा बी असलेली चेरी देऊ नका. ती श्वासनलिकेत अडकते. द्राक्ष उभं चिरून चार भाग करावेत, चेरीची बी काढून तुकडे करावेत. आणि मूल खाताना बसलेलं हवं, ओळींमधून पळत पळत खाणं नको.

ज्यावर लक्ष ठेवायचं

शिडीवर मुलांनी चढायचं नाही. यात अपवाद नाही, "फक्त एक पायरी" हाही नाही. वरची फळं मोठ्यांनी काढावीत किंवा पक्ष्यांसाठी राहू द्यावीत. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या वाटेपासून मुलांना लांब ठेवा. ओळी एकसारख्या दिसतात, म्हणून शिरतानाच एक खूण ठरवून घ्या आणि "हरवलास तर झाडाला धरून तिथंच उभा राहा" हे सांगा. भडक रंगाची टोपी इथं उपयोगी पडते.

गांधीलमाश्या सडक्या, पडलेल्या फळांवर जमतात. पडलेलं फळ पायानं ढकलू नये, हातानं उचलू नये. माशी अंगावर आली तर हात न झटकता सावकाश बाजूला व्हायचं. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखानं किंवा कसाही, पण ताबडतोब काढा. कुठल्या पद्धतीनं काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. मग कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. ओठ किंवा जीभ सुजणं, श्वासाला त्रास, अंगभर गांधी उठणं, उलट्या, चक्कर यातलं काही दिसलं तर वाट न बघता तातडीची वैद्यकीय मदत मागवा. मुलाला आधीच अशी ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन गाडीत न ठेवता तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. उंच गवतातून फिरला असाल तर संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागं, काखेत, कानांमागं, केसांत गोचीड चिकटलं आहे का ते बघा.

थांबायची वेळ

मुलं फळं फेकायला लागली, कच्ची तोडायला लागली, की काम संपलं असं समजा, टोपली अर्धी असली तरी. निघण्याआधी मोठ्या पाटीकडे बघून घरात चार दिवसांत किती संपेल याचा अंदाज घ्या. तोडलेलं फळ परत झाडाला लावता येत नाही, त्यामुळे हा विचार वजनकाट्यापाशी करून उपयोग नाही, ओळीतच करायचा. चुकून तोडलेली कच्ची फळं झाडाखाली लपवू नका, ती काट्यावर ठेवा आणि पैसे द्या. मुलं हे बघत असतात.

गाडीत आणि घरी

बंद डिकीत ठेवलेली स्ट्रॉबेरी तासाभरात मऊ पडते. फळं पुढच्या सीटखाली, सावलीत, एसीची हवा लागेल अशी ठेवा आणि वाटेत कुठं जेवायला थांबायचं असेल तर थंडपेटी न्या. शक्यतो सरळ घरी या.

घरी आल्यावर आधी निवडा: चेपलेली, चिरलेली, बुरशी दिसणारी वेगळी. बेरी धुऊन ठेवायच्या नाहीत, खायच्या वेळी धुवायच्या. ओल राहिली की रात्रीत बुरशी येते. डब्यात कागद घालून एका थरात फ्रिजमध्ये ठेवलेल्या स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. सफरचंदं फ्रिजमध्ये, पण पालेभाज्यांपासून वेगळ्या कप्प्यात. त्यांच्या इथिलीननं पानं पिवळी पडतात. हाच गुण उपयोगीही पडतो: टणक पेर कागदी पिशवीत एका पिकलेल्या सफरचंदाबरोबर ठेवलं की लवकर मऊ होतं. मानेपाशी अंगठ्यानं हलकं दाबल्यावर दबलं की खायला तयार. पीच बाहेरच पिकू द्या आणि मऊ झाल्यावरच फ्रिजमध्ये ठेवा.

जास्तीच्या बेरी धुऊन, पूर्ण कोरड्या करून, देठ काढून ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा आणि फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्या. मग पिशवीत भरा, म्हणजे गोळा न होता हव्या तेवढ्या सुट्या काढता येतात. चेपलेली फळं मात्र त्याच संध्याकाळी वापरा: खराब भाग काढून, बाकीचं चिरून, थोड्या साखरेत मंद आचेवर आटवून ठेवलं की आठवडाभर फ्रिजमध्ये पुरतं. बुरशी आलेलं मऊ फळ भाग कापून वाचवायचा प्रयत्न करू नका, ते अख्खंच टाका.